निवृत्तीनंतर घर, शेत आणि आपण



बडोद्याच्या आसपासच्या आपल्या अनेक कुटुंबांत एक गोष्ट नेहमीची आहे. दोघा भावांपैकी एक रेल्वेत, रिफायनरीत किंवा खताच्या कारखान्यात लागतो, दुसरा घरची शेती सांभाळतो. तीस-पस्तीस वर्षे अशी जातात. मग अठ्ठावन्नाव्या किंवा साठाव्या वर्षी नोकरदाराचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो, भाषणे होतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो घरी असतो. सत्काराची तयारी सर्वजण करतात. त्या दुसऱ्या दिवसाची तयारी फार थोडे करतात. आजच्या पाठात तिचाच विचार करू.

मनाचे काय होते?

पहिले पंधरा दिवस सुट्टीसारखे वाटतात. नंतर सवयीने पहाटे जाग येते, पण पाळीवर जायचे नसते. कारखान्यात चार माणसे आपल्याला विचारून काम करीत. घरी तर आपल्यावाचून सर्व सुरळीत चाललेले असते. हे मनाला लागते. मग माणूस शेतात लक्ष घालू लागतो. एरंडी का लावली, तूर का नाही? कपाशीला पाणी आजच का दिले? व्यापाऱ्याला माल इतक्यात का घातला? तीस वर्षे मातीत राबलेल्या भावाला आणि पुतण्याला हे बोल झोंबतात. आम्ही घरभेटीला जातो तेव्हा दोन्हीकडची गाऱ्हाणी ऐकतो, आणि दोघांचेही खरे असते. नोकरीवरून आलेल्याला काम हवे असते. पण तो जे काम उचलू पाहतो, ते आधीच दुसऱ्या कुणाचे तरी असते.

म्हणून आमची पहिली सूचना अशी: पहिले वर्षभर विचारल्याशिवाय सल्ला देऊ नये. उलट भावाला विचारावे, "माझ्याकडे कोणते काम देतोस?" शेताचा जमाखर्च लिहिणे, सातबारा व बँकेची कामे पाहणे, परसात भाजी लावणे, रोपे तयार करणे, गुरांकडे बघणे, अशी कितीतरी कामे घरात कुणाला तरी जड जात असतात. त्यांतले एक मागून घ्यावे आणि ते मनापासून करावे.

बडोद्याचेच एक उदाहरण

रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांचे नाव आपण ऐकले असेल. रत्नागिरी जिल्ह्यातील एका साध्या घरात १८६५ साली त्यांचा जन्म झाला. १८८९ साली ते सयाजीराव महाराजांच्या सेवेत वाचक म्हणून बडोद्यास आले, पुढे राजपुत्रांचे शिक्षकही झाले. १९२५ साली, साठाव्या वर्षी, ते निवृत्त झाले आणि पुण्याजवळ कामशेत या लहानशा गावी राहावयास गेले. राजवाड्यातला मान गेला, बडोद्याचे घर सुटले. त्यांचा मुलगा श्यामकांत तर ऐन तारुण्यात वारला. खचून बसण्यास एवढे दुःख पुरे होते.

पण सरदेसायांना पुढे ३४ वर्षांचे आयुष्य लाभले आणि ते त्यांनी कामात घालवले. १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड त्यांच्या संपादनाखाली निघाले. मराठ्यांचा तीन खंडांचा इंग्रजी इतिहास १९४६ ते १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. बंगालचे इतिहासकार जदुनाथ सरकार यांच्याशी त्यांची मैत्री अखेरपर्यंत टिकली. १९५९ साली त्यांचे निधन झाले.

आपण सर्वजण ग्रंथ लिहू शकणार नाही. पण तीन गोष्टी त्यांच्याकडून घेता येतील: जुन्या मानाच्या मागे न लागणे, रोजचे ठरलेले काम असणे आणि एक तरी जिवाभावाचा मित्र जपणे.

शेतकऱ्याची निवृत्ती

शेतकऱ्याला निवृत्तीची तारीख नसते. कंबर धरते, नजर कमी होते, आणि तरीही कारभार हातातून सुटत नाही. येथे बापाने टप्प्याटप्प्याने सोडत जावे. एका वर्षी पेरणीचा निर्णय मुलाकडे द्यावा, पुढच्या वर्षी बाजार, त्यानंतर हिशेब. मुलाची एखादी चूक झाली तर ती पोटात घालावी. आपणही चुकतच शिकलो.

मात्र कारभार देणे वेगळे आणि मालकी देणे वेगळे. डोक्यावरचे छप्पर व जमीन घाईने मुलांच्या नावे करू नये. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याप्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास, न्यायाधिकरणाकडून रद्द ठरवून घेता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली या अटीला किती महत्त्व आहे ते स्पष्ट केले. म्हणून बक्षीसपत्र करायचेच असेल, तर ती अट त्यात स्पष्ट लिहून घ्यावी.

पैशाविषयी

फंडाची रक्कम हाती येताच बोअर, ट्रॅक्टर, लग्न आणि घर यांची रांग लागते. आधी आपले व पत्नीचे म्हातारपण बाजूला काढावे, मग उरलेले वाटावे. १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेची किमान पेन्शन २०१४ साली महिना १,००० रुपये ठरली. तेवढ्यात कुणाचे घर चालत नाही. पोस्टातील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत २०२३ पासून ३० लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते आणि व्याज दर तीन महिन्यांनी मिळते. प्रत्येक खात्यावर वारसाचे नाव लावावे. पेन्शनसाठी हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो, तो विसरू नये.

प्रकृतीविषयी

वर्षानुवर्षे यंत्रासमोर उभ्या राहिलेल्या माणसाने एकदम कुदळ मारू नये. काम हळूहळू वाढवावे, उन्हाळ्यात दुपारी शेतात जाऊ नये, औषध फवारण्याचा पंप पाठीवर घेऊ नये. रोज अर्धा तास चालावे. रक्तदाब, साखर आणि डोळे तपासून घ्यावेत. सत्तरी ओलांडलेल्यांना २०२४ पासून आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या इस्पितळातील उपचारांची सोय झाली आहे. कार्ड काढून ठेवावे.

झोप उडणे, जेवण नकोसे होणे, कुणाशी बोलू नये असे वाटणे हे दोन आठवड्यांहून अधिक चालले, तर तो आळस समजू नये. तो आजार असू शकतो आणि डॉक्टरांकडे त्यावर उपाय आहे. दारूत उपाय शोधणाऱ्याचे घर दुहेरी बुडते.

शेवटी घरधनिणीविषयी. तिला निवृत्ती कधीच मिळत नाही. नवरा दिवसभर घरी बसला की तिचे काम वाढते, चहाचे कप वाढतात, सूचना वाढतात. पाणी भरणे, भाजी निवडणे, आपले ताट आपण उचलणे, एवढ्याने आरंभ केला तरी घरातली हवा बदलते.

घरी चर्चेसाठी

१. आपल्या घरात पुढील पाच वर्षांत कोण निवृत्त होणार आहे? त्याच्यासाठी कोणते काम ठेवले आहे?
२. शेतीचा कोणता निर्णय या हंगामात पुढच्या पिढीकडे देता येईल?
३. खात्यांवर वारसाचे नाव आहे का? कागद कुठे ठेवले आहेत हे पत्नीला ठाऊक आहे का?

येत्या रविवारी रात्रीच्या जेवणानंतर सर्वांनी एकत्र बसून या तीन प्रश्नांची उत्तरे वहीत लिहावीत, अशी आमची विनंती आहे.