संगणकाच्या पडद्यावरील खरा रंग

आंब्याच्या कोवळ्या पालवीचे छायाचित्र दोन संगणकांवर शेजारी शेजारी उघडून पाहा. एकावर पालवी तांबूस दिसेल, दुसऱ्यावर भडक लाल. छायाचित्र तेच, मग रंग दोन का?

छायाचित्राच्या फाइलीत रंग नसतात. असतात ते आकडे. प्रत्येक बिंदूतील तांबड्या, हिरव्या व निळ्या प्रकाशाचे प्रमाण सामान्यतः ० ते २५५ या आकड्यांनी लिहितात. (२५६ × २५६ × २५६ हा गुणाकार करून पाहा, १,६७,७७,२१६ छटा होतात!) पण ‘तांबडा २५५’ म्हणजे नेमका कोणता तांबडा? त्यासाठी सर्वमान्य प्रमाण हवे. आंतरराष्ट्रीय विद्युत्‌तंत्र आयोगाने १९९९ साली ‘एसआरजीबी’ हे असे प्रमाण प्रसिद्ध केले. त्यात तिन्ही मूळ रंग आणि पांढऱ्याची छटा ठरवून दिली आहे.

काही मॉनिटरांचे मूळ रंग या प्रमाणापेक्षा गडद असतात. ‘जास्त रंग दाखवतो’ अशी त्यांची जाहिरात होते. परंतु एसआरजीबीसाठी लिहिलेला आकडा अशा पडद्यावर रूपांतर न करता तसाच दाखवला, तर तांबूस पालवी भडक होते. पाहणारा ती फिकी करतो, आणि मुळात बिनचूक असलेले चित्र बिघडते! म्हणून जास्त रंगांपेक्षा एसआरजीबीचा संपूर्ण पल्ला अचूक दाखवणारा मॉनिटर घेणे आम्हाला शहाणपणाचे वाटते. उत्तम प्रतीची छपाई करणाऱ्यांची गरज अर्थातच मोठी असते.

दुकानात एक सोपा प्रयोग करा. पडद्यावर करड्या रंगाचे चित्र लावून ते समोरून, बाजूने व वरून पाहा. ‘टीएन’ जातीच्या पडद्यावर छटा बदलते. ‘आयपीएस’ जातीत द्रव-स्फटिकाचे रेणू काचेला समांतर राहूनच फिरतात, त्यामुळे फरक फार कमी पडतो.

खोक्यावरील ‘डेल्टा ई’ हा आकडा अपेक्षित व प्रत्यक्ष रंगांतील अंतर सांगतो. १ च्या आसपासचे अंतर डोळ्याला जेमतेम जाणवते. मात्र वापराने पडद्यामागील दिवे मंदावतात व त्यांची छटाही सरकते. म्हणून रंगमापक पडद्यावर टेकवून अधूनमधून अंशशोधन करावे लागते. त्याच वेळी उजेडही कमी करावा. छपाईच्या कामाला दर चौरस मीटरला ८० ते १२० कॅन्डेला पुरतात. नवे मॉनिटर बहुधा याच्या दुपटीहून अधिक प्रखर असतात. अशा पडद्यावर चित्र उजळ भासते, आपण ते गडद करतो, आणि छापून आलेली प्रत काळपट निघते.