नक्कल तू स्वतः काढ

कळंब, ता. इंदापूर, जि. पुणे

चि. ताई,

परवा फोनवर तू म्हणालीस, "मामा, तुमच्या ओळखीनं कुणालातरी सांगून ते घटस्फोटाचे कागद कोर्टातून काढून घ्या ना. मला पुन्हा त्या आवारात पाय ठेवायचा नाही." मी नाही म्हणालो आणि तू गप्प झालीस. तेव्हापासून जिवाला लागून राहिलंय. मी नाही का म्हणालो, हे फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसलो.

माझी सगळी नोकरी कोर्टात गेली, त्यातली बरीचशी नक्कल विभागात. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची नक्कल मागायला माणसं निकालानंतर लगेच फारशी येत नाहीत. तेव्हा सगळ्यांना एकच हवं असतं, सुटलो एकदाचे म्हणून घरी जायचं. मग काही वर्षांनी कुठंतरी काम अडतं आणि ती धापा टाकत खिडकीशी उभी राहतात. मुलीचं दुसरं लग्न पंधरा दिवसांवर आलेलं असतं, किंवा बँकेनं कागद परत पाठवलेले असतात. हातात दाव्याचा नंबर नसतो, वर्ष आठवत नाही, वकील वारलेले असतात. तुझ्यावर ती वेळ येऊ नये एवढंच मला वाटतं. तुला अजून सवड आहे.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम 23(4) प्रमाणे घटस्फोटाचा हुकूमनामा झाला की कोर्टानं त्याची एक प्रत दोन्ही पक्षांना विनामूल्य द्यायची असते. तुझीही निघाली असणार. ती तुझ्या वकिलांच्या फायलीत राहिली आणि तुझ्याकडे आला तो मोबाइलवरचा फोटो, त्यातही खालचा शिक्का अर्धा कापलेला. त्या फोटोवर कुणी काम करणार नाही.

तुला आत्ता पासपोर्टसाठी हवंय म्हणून त्याचंच आधी सांगतो. डिसेंबर 2016 मध्ये पासपोर्टचे नियम सैल झाले. घटस्फोटितेनं जोडीदाराचं नाव लिहायची गरज उरली नाही आणि तेवढ्यासाठी हुकूमनामाही मागत नाहीत. पण तुझ्या जुन्या पासपोर्टवर सासरचं नाव आहे. ते काढून माहेरचं लावायचं तर हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत लागते. पुढंमागं कंपनीनं परदेशी पाठवलं आणि तिकडच्या कचेरीनं हा कागद मागितला, तर त्यावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारं सरकारी प्रमाणन, करून घ्यावं लागेल. अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत 2005 पासून आहे. पण तेही मूळ शिक्क्याच्या नकलेवरच होतं, झेरॉक्सवर नाही.

आणि दुसरं लग्न. तू मनात आणलेलं नाहीस हे मला ठाऊक आहे, मी आग्रहही धरत नाही. पण उद्या मनात आलंच, तर राज्याच्या 1998 च्या कायद्यानं विवाह नोंदणी करावी लागते, आणि नमुना 'ड' भरताना आपल्या ग्रामपंचायतीतसुद्धा आधीच्या घटस्फोटाचा कोर्टाचा कागद जोडावा लागतो. तेव्हा ग्रामसेवकाच्या टेबलापाशी तुला कुणापुढं सारवासारव करायला लागू नये. लाडकी बहीण योजनेतही घटस्फोटित महिलांचा वेगळा उल्लेख आहे. त्या योजनेच्या कागदपत्रांच्या वेळी अंगणवाडीताईंकडे हाच कागद नाही म्हणून रडकुंडीला आलेल्या बायका मी गावात पाहिल्या.

आपल्याकडं अजून एक गैरसमज घट्ट बसलाय, त्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण घरातल्या बाकीच्या पोरींनाही तू हे सांगावंस. गावात अजून स्टॅम्प पेपरवर सोडचिठ्ठी लिहितात. वर दोघांची नावं, खाली पाच पंचांच्या सह्या, एकाचा अंगठा, नोटरीचा लाल शिक्का, आणि मधे "यापुढे एकमेकांवर कोणताही हक्क राहिला नाही" असं वाक्य. दिसायला कागद भारदस्त असतो. नदीकडच्या एका गावची बाई असा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून घेऊन आमच्याकडं नक्कल मागायला आली होती. तिला वाटायचं, नोटरीचा शिक्का आहे म्हणजे कोर्टात नोंद असणारच. नोंद कसली असणार? नोटरीपुढची सही म्हणजे घटस्फोट नव्हे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 29(2) नं जातीच्या रूढीप्रमाणे झालेला काडीमोड राखून ठेवलाय हे खरं, पण ती रूढी खरोखर आहे आणि ती पाळली गेली, हे पुराव्यानं शाबित करावं लागतं. त्या बाईनं त्या कागदाच्या भरवशावर दुसरा संसार मांडला होता. तो दुसरा नवरा वारल्यावर त्याच्या फंडाच्या पैशासाठी कारखान्यानं विचारलं, तुमचं आधीचं लग्न कायद्यानं मोडलं होतं का? तिच्याकडं दाखवायला काही नव्हतं. तिचा चेहरा मला अजून आठवतो, आणि म्हणूनच तुझ्या वेळी मी तुझ्या बापूंशी भांडून सांगितलं होतं, बैठकीत मिटवू नका, कोर्टातूनच करा.

तुझ्या पणजीच्या तरुणपणी तर ही वाटच नव्हती. मुंबई इलाख्यात हिंदू घटस्फोटाचा कायदा आला 1947 मध्ये, सगळ्या देशासाठी 1955 मध्ये, आणि तुम्ही दोघांनी जो परस्परसंमतीचा मार्ग घेतला, तो कलम 13-ब 1976 मध्ये आलं. तुझ्या हातातल्या कागदामागं एवढं सगळं उभं आहे, ताई. त्याची लाज कसली धरायची?

आता कामाचं. तुझं सासर सोलापूरकडचं असलं तरी तू माहेरी होतीस. विवाह कायद्याच्या 2003 च्या दुरुस्तीमुळं पत्नी राहते तिथल्या कोर्टात तिला अर्ज करता येतो, म्हणून तो बारामतीत झाला. माहेरचा तालुका इंदापूर आहे म्हणून इंदापूरला चौकशीला जाऊ नकोस, आणि पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयातही नको. निकाल ज्या कोर्टानं दिला, तिथंच नक्कल. जुने निकाली बस्ते कधी त्याच कोर्टाच्या रेकॉर्डला असतात, कधी जिल्ह्याच्या रेकॉर्ड रूमला गेलेले असतात. ते नक्कल विभागात विचारलं की कळतं.

निघायच्या आधी घरी बसून ई-कोर्ट्सच्या ॲपवर तुझं प्रकरण शोध. जिल्हा पुणे, संकुल बारामती, पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकायचं, आणि 'निकाली' वर खूण करायची. 'प्रलंबित' वर राहिली तर काही सापडणार नाही, बरेच जण तिथंच फसतात. तुझं नाव अर्जात सासरचं आहे, तेही ध्यानात ठेव. सापडलं की सोळा अक्षरअंकांचा सीएनआर क्रमांक, अर्जाचा नंबर आणि निकालाची तारीख वहीत उतरवून घे. तिथं एखादा आदेश डाउनलोड झाला, तरी तो वाचण्यापुरता. ती प्रमाणित प्रत नव्हे.

नक्कल अर्जात नुसतं "घटस्फोटाचे कागद" लिहू नकोस. निकालपत्र आणि हुकूमनामा हे दोन वेगळे कागद आहेत. निकालपत्रात न्यायाधीशांची कारणं असतात, हुकूमनाम्यात फक्त काय ठरलं ते. दोन्ही माग. त्याबरोबर तुमच्या मूळ अर्जाची आणि तडजोडीच्या पुरसीसची, म्हणजे कोर्टात दिलेल्या लेखी निवेदनाची, नक्कल निशाणी क्रमांकासह माग. बाळाचा ताबा, त्याच्या शिक्षणाचा खर्च, हे सगळं त्यात लिहिलंय. उद्या खर्चाचा हप्ता थकला तर दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, लावावी लागेल, आणि हप्ता चुकल्यापासून बारा वर्षांच्या आत ती लावता येते. तेव्हा हा कागद नसेल तर वकीलही हात चोळत बसतील. निशाणी क्रमांक माहीत नसेल तर तिथल्या माणसाला रोजनामा, म्हणजे तारखांच्या कामाची नोंद, बघायला सांग.

अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प लागतो, पानांप्रमाणे पैसे भरावे लागतात. किती ते त्या दिवशी खिडकीवरच कळेल आणि ते फार नसतात. पावती घे. कुणी "मी आजच काढून देतो, वर काय ते बघा" म्हणाला, तर त्याला हात जोड. तातडीच्या नकलेचा रीतसर मार्ग आहे, जादा फी भरून. माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकू का, असं तू विचारलंस. नको. न्यायालयीन कागदांसाठी न्यायालयाच्या स्वतःच्या नक्कल नियमांनीच जायचं, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2020 चा निकाल आहे.

नक्कल हातात आली की लगेच पिशवीत टाकू नकोस. तिथंच बाकावर बसून वाच. प्रत्येक पानावर शिक्का आहे का, शेवटच्या पानावर सही आहे का, अर्ज केल्याची, तयार झाल्याची आणि दिल्याची तारीख भरलीय का. मग नावं. तुझं नाव, तुझ्या वडिलांचं नाव, लग्नाची तारीख, गावाचं नाव आधार कार्डाशी ताडून बघ. एका वेलांटीनं पासपोर्टच्या कचेरीतून माणसं परत आलेली मी पाहिलीत. मूळ हुकूमनाम्यातच लेखनाची चूक असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 152 खाली ती केव्हाही दुरुस्त करून मागता येते. त्यासाठी वकील द्यायला पैसे नसतील तरी अडत नाही. स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा समितीकडून वकील मिळतो, तो तुझा हक्क आहे.

तीन प्रती काढ. एक तुझ्याकडं, एक तुझ्या आईच्या कपाटात, एक कामाला. लॅमिनेशन मात्र करू नकोस, कागदाच्या मागचे शिक्के तपासायचे असतात.

आता तुझ्या मनातली खरी भीती. तिथं कुणी ओळखीचं भेटेल, कागद वाचेल, गावात बोलेल. तुझा मावसभाऊ अमेरिकेत आहे, त्याला विचार. तिकडं बहुतेक राज्यांत काउंटीच्या कोर्टात कुणीही जाऊन दुसऱ्याच्या घटस्फोटाची फाइल बघायला मागू शकतो, न्यायाधीशानं ती मोहोरबंद केली नसेल तर. आपल्याकडं तसं नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 22 प्रमाणे ही सुनावणी बंद दाराआड होते आणि त्यातला मजकूर छापणं, प्रसिद्ध करणं गुन्हा आहे. परक्या माणसाला नक्कल हवी असेल तर त्याला कारण दाखवावं लागतं. तुला कारण दाखवायचं नाही, तू पक्षकार आहेस. माझ्या ओळखीच्या माणसाला पाठवलं, तर तेच कागद त्याच्या हातून, त्याच्या मोटारसायकलच्या डिकीतून, वाटेतल्या चहाच्या टेबलावरून तुझ्याकडं येतील. तू स्वतः गेलीस तर खिडकीपलीकडच्या कारकुनाशिवाय कुणी ते पाहणार नाही, आणि त्याच्यापुढं त्या दिवशी असे कितीतरी अर्ज असतात. मी त्या खिडकीमागं बसलेलो माणूस आहे. आम्ही नाव बघून नंबर शोधतो, पानं मोजतो, शिक्का मारतो. कुणाचा संसार का मोडला हे वाचत बसायला आम्हाला वेळही नसतो आणि तशी इच्छाही नसते.

त्या आवारात तू शेवटची गेलीस तेव्हा तुझ्या अंगावर सगळ्यांचे डोळे होते, हे मला माहीत आहे. तेव्हा तुला जे काही ऐकून घ्यावं लागलं, त्याचा राग मला आजही आहे. पण यावेळी तुला कुणी काही विचारणार नाही. तू फक्त स्वतःचा कागद मागायला जाणार आहेस.

येत्या महिन्यात तुला सुट्टी मिळेल तो कामकाजाचा दिवस कळव. दुसरा आणि चौथा शनिवार टाळ, कोर्टाच्या सुट्ट्याही बघून घे. आदल्या रात्री इकडं मुक्कामाला ये. सकाळी जंक्शन नावाच्या थांब्यावरून बारामतीची गाडी धरू, अकराच्या सुमारास पोचू. आधार कार्डाच्या दोन झेरॉक्स, जुन्या समन्सचा किंवा वकीलपत्राचा काही कागद असेल तर तो, आणि सुटे पैसे एवढं बरोबर ठेव. मी आवारात बाहेर झाडाखाली थांबेन. अर्ज तू लिही, सही तू कर, पावती तू घे. तुझ्या मामीनं शेंगदाण्याच्या पोळ्या करायचं आत्तापासून ठरवलंय, बाळालाही घेऊन ये.

तुझा,
मामा