झाकलेले भांडे आणि परका पेला

रात्री भांडी झाकून ठेवा, पाण्याच्या मशकांची तोंडे बांधा, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण हजरत जाबिर (रजि.) यांच्या निवेदनातून आपल्यापर्यंत पोहोचली आहे. झाकण नसेल तर अल्लाहचे नाव घेऊन निदान एखादी काडी आडवी ठेवावी, इतका बारकावा या हदीसमध्ये आहे. घरात आपण ती पाळतो. घराबाहेर पडताच मात्र उघडा पेला टेबलावर ठेवून हात धुवायला जातो.

शिरूरला रेल्वे नाही. लांबच्या प्रवासाला निघालेली तेथील अनेक कुटुंबे दौंड जंक्शन गाठतात. पुणे, सोलापूर आणि मनमाड या तिन्ही दिशांच्या गाड्या तेथे मिळतात. गाडीत ओळख वाढवावी, बिस्किटे पुढे करावीत, आग्रहाने चहा पाजावा आणि गुंगी आलेल्या प्रवाशाचे सामान घेऊन उतरावे, ही रेल्वेतील जुनी गुन्हेपद्धत आहे. त्यासाठी बहुधा झोपेच्या वा चिंता शमवणाऱ्या गोळ्या वापरल्या जातात. साखर-दुधाच्या चहात त्यांची चव सहसा कळत नाही.

परंतु हा धोका परक्यांपुरता नाही. रांजणगावच्या कारखान्यांत नोकरीला लागलेला आपला मुलगा मित्रांच्या मेजवानीला जातो. तो मद्य पीत नाही हे ठाऊक असलेला एखादा मित्र त्याच्या शीतपेयात गुपचूप मद्य मिसळू शकतो, आणि याला गंमत म्हणतात! अबू दाऊदच्या संग्रहात एक प्रसंग आहे. एक सहाबी झोपले असता सोबत्यांनी थट्टेने त्यांची वस्तू उचलली आणि ते दचकून जागे झाले. मुस्लिमाने मुस्लिमाला घाबरवणे वैध नाही, असे प्रेषितांनी (स.) त्यावर बजावले. नुसत्या दचकवण्याला जेथे मनाई आहे, तेथे कोणाची शुद्धच हिरावून घेणाऱ्याला गंमतीची सबब कशी पुरेल?

वाचकहो, आपल्या समाजात या विषयाचा खरा घात पुढे होतो. मुलगा वा मुलगी अडखळत घरी येते आणि घरचे पहिला प्रश्न विचारतात, “काय पिऊन आलीस?” मग लोकलज्जेपायी सर्व दडपले जाते. सूरह अहजाबच्या 5 व्या आयतीनुसार चुकून घडलेल्या गोष्टीचा दोष नाही. मनाने हेतुपुरस्सर केलेल्या कृत्याचा जाब आहे. नकळत मद्य वा गुंगीचे औषध पोटात गेलेल्यावर मद्यपानाचे पाप येत नाही. खैबरच्या मोहिमेनंतर प्रेषितांसमोर (स.) विष घातलेले मांस वाढले गेले होते आणि ते खाऊन हजरत बिश्र बिन बरा (रजि.) यांचा मृत्यू झाला. पाहुण्याने विश्वासाने घास घेतला, यात त्याचा कोणता अपराध? शुद्धीवर आल्यावर वुजू नव्याने करावा. हुकलेल्या नमाजांबाबत आपल्या आलिमांना विचारावे.

एखाद्या पेयानंतर अकस्मात झापड येणे, जीभ जड होणे, तोल जाणे, मधला काळ न आठवणे ही लक्षणे दिसताच त्या व्यक्तीला एकटे सोडू नये. जबरदस्तीने उलटी करवू नये, कॉफी वा लिंबूपाणी पाजू नये. बेशुद्ध असून श्वास चालू असेल तर कुशीवर वळवावे आणि 108 वर रुग्णवाहिका बोलवावी. डॉक्टरांना संशय स्पष्ट सांगून रक्त व लघवीचे नमुने त्वरित घेण्याची विनंती करावी, कारण काही औषधांचा माग काही तासांतच नाहीसा होतो. उरलेले पेय, पेला, बाटली धुवू नये. हे काम घरातील मोठ्या माणसाने अंगावर घ्यावे. गोंधळलेल्या मुलीकडून त्याची अपेक्षा धरू नये.

हानी वा अन्य गुन्हा करण्याच्या हेतूने गुंगीचे द्रव्य देणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 123 खाली 10 वर्षांपर्यंतच्या कारावासाचा गुन्हा आहे. धावत्या गाडीत 139 वर मदत मागता येते. दौंडला चहा घेतला आणि शुद्ध सोलापुरात आली, तरी हद्दीच्या कारणाने तक्रार नाकारता येत नाही. कोणत्याही पोलिस ठाण्यात ती शून्य क्रमांकाने नोंदवून घेतली जाते व योग्य ठाण्याकडे पाठवली जाते.