विज्ञानाचे दार आणि स्त्रियांचे संघटन

आपल्या माकणीसारख्या गावात मुलगी दहावीला चांगल्या गुणांनी पास झाली की घरात पेढे वाटले जातात. पण 'मी सायन्स घेते' असे ती म्हणाली की प्रश्न सुरू होतात. कॉलेज लांब, एस.टी.चा भरवसा नाही, प्रॅक्टिकल संपायला संध्याकाळ होणार, खर्च झेपणार नाही. शेवटी 'एवढे शिकून करायचे काय?' हा प्रश्न येतो आणि मुलगी गप्प बसते. ही अडचण त्या एका मुलीची आहे असे आपण समजतो. ती तिची एकटीची नाही व तिचे उत्तरही एकटीने मिळत नाही, हे प्रस्तुत लेखात आम्ही मांडणार आहोत.

एकटीची लढाई

इ.स. 1933 ची गोष्ट. मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम तऱ्हेने मिळविलेल्या कमला भागवत यांनी बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्रवेश मागितला. नोबेल पारितोषिक विजेते सर सी. व्ही. रामन हे संस्थेचे संचालक होते. मुलगी आहे एवढ्याच कारणाने त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर : पहिले वर्ष परीक्षा पाहण्याचे, काम समाधानकारक वाटले तरच पुढे मान्यता. मुलांवर अशी अट नव्हती. त्यांनी काम करून दाखविले आणि त्यानंतर तेथे मुलींना प्रवेश मिळू लागला. 1939 मध्ये त्यांनी केंब्रिज विद्यापीठाची पीएच.डी. मिळविली. पुढे कमला सोहोनी या नावाने त्यांनी मुंबईत कडधान्ये व नीरा यांच्या पोषणमूल्यांवर संशोधन केले. गरिबाच्या ताटाचा विचार करणारे हे विज्ञान होते.

दरवर्षी 28 फेब्रुवारीला आपण रामन यांच्या शोधाची आठवण म्हणून राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो. तो जरूर करावा. पण त्या दिवशी कमलाबाईंची गोष्टही शाळेत सांगावी. थोर शास्त्रज्ञही पूर्वग्रहातून सुटत नाही, हा धडा विज्ञानाचाच आहे.

संघटनेची गरज

एकीने दार उघडले तरी ते उघडे ठेवायला अनेक हात लागतात. 1973 मध्ये मुंबईत भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन झाली. नवी मुंबईतील वाशी येथे तिचे मुख्यालय असून पुणे, नागपूर, कोल्हापूर, अमरावती अशा ठिकाणी शाखा निघाल्या. या संघटनेने व्याख्याने भरविली, शाळकरी मुलांना विज्ञानाची गोडी लावली. त्याबरोबरच नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी वसतिगृह आणि मुलांसाठी पाळणाघरही उभारले. पाळणाघराचा विज्ञानाशी काय संबंध, असे कोणी विचारील. प्रयोग मध्येच सोडून लेकरासाठी घरी धावावे लागणाऱ्या बाईला विचारा, ती सांगेल. बुद्धी कमी पडते म्हणून नव्हे, तर सोय नसते म्हणून कितीतरी स्त्रिया संशोधन सोडतात.

पुण्यात जन्मलेल्या भौतिकशास्त्रज्ञ डॉ. रोहिणी गोडबोले (1952–2024) यांनी हेच काम पुढे नेले. 2008 मध्ये त्यांच्या सहसंपादनाखाली 'लीलावतीज डॉटर्स' हा ग्रंथ निघाला. त्यात सुमारे शंभर भारतीय महिला वैज्ञानिकांच्या जीवनकथा आहेत. आपल्या आधी कोणी गेले आहे हे कळले, की वाट अनोळखी राहत नाही.

नोव्हेंबर 2016 मध्ये अमेरिकेतील काही महिला वैज्ञानिकांनी विज्ञानाच्या व समतेच्या बाजूने एक जाहीर पत्र काढले. पाचशे सह्यांची अपेक्षा होती. जगभरातून वीस हजारांवर आल्या. तरीही जगातील संशोधकांत स्त्रिया आजही एक तृतीयांशाच्या आसपासच आहेत. त्यातही दलित, आदिवासी, भटक्या समाजातील आणि खेड्यांतील मुली फारच थोड्या. त्या आल्याशिवाय स्त्रियांच्या संघटनेचे काम अपुरेच राहील.

आपल्या मातीतील धडा

संघटन आपल्याला नवे नाही. 20 जुलै 1942 रोजी नागपूर येथे सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसमोर हजारो स्त्रिया एकत्र बसल्या व त्यांनी ठराव केले.

विज्ञान आपल्यापासून दूर आहे असेही नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपाने आपला परिसर हादरला. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचा बोजा यांखाली हजारो माणसे झोपेतच गेली. आपल्या माकणीच्या निम्न तेरणा धरणातील पाण्याचा भूकंपाशी संबंध आहे काय, यावर शास्त्रज्ञांत चर्चा झाली. पुनर्बांधणीच्या काळात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर गावोगावच्या स्त्रिया 'संवाद सहायक' म्हणून पुढे आल्या. भूकंपात टिकणारे घर कसे बांधावे हे त्या शिकल्या व इतरांना सांगू लागल्या. घर पडते तेव्हा बाई आत असते; म्हणून भिंतीचे शास्त्र तिला कळलेच पाहिजे.

आपले कर्तव्य

वैज्ञानिक दृष्टिकोन वाढविणे हे संविधानाच्या कलम 51(क) प्रमाणे नागरिकाचे कर्तव्य आहे. ते घरापासून सुरू व्हावे. सायन्सला जाणाऱ्या मुलींनी एकमेकींच्या सोबतीने प्रवास करावा, पुस्तके वाटून घ्यावीत. पुढे गेलेल्या मुलीने मागच्या दोघींना फॉर्म भरायला, शिष्यवृत्ती शोधायला मदत करावी. मंडळांनी लग्नाच्या खर्चातला थोडा भाग मुलींच्या पुस्तकांसाठी मागावा. विद्यार्थिनींनो, परवानगीने मिळालेली जागा काढून घेता येते; एकजुटीने मिळविलेली जागा टिकते.

चिंतनासाठी प्रश्न

1. कमला भागवत यांना घातलेली अट अन्यायाची का होती?
2. वसतिगृह व पाळणाघर यांचा विज्ञानाशी संबंध कसा आहे?
3. आपल्या गावातील किती मुलींनी दहावीनंतर सायन्स सोडले? त्यांना भेटून कारणे विचारा व लिहून काढा.