माती ओली, तरी अव्होकाडो सुकतोय?

भोर-वेल्ह्यात अव्होकाडो लावू पाहणारे बहुतेक जण पहिला प्रश्न उन्हाळ्याचा विचारतात: एप्रिल-मेमध्ये पाणी पुरेल का? माझा अनुभव सांगतो, आधी पावसाळ्याचा विचार करा. आपल्याकडे हे झाड वाळतं उन्हाळ्यात, पण त्याची मुळं जुलै-ऑगस्टमध्येच गेलेली असतात.

माझी बाग उताराला आहे आणि वरच्या अंगाला भाताची खाचरं. खाचरात तुंबवलेलं पाणी पावसाळाभर बांधातून पाझरत खालच्या पट्ट्यात उतरतं. त्या पट्ट्यातली झाडं दिवाळीपर्यंत हिरवीगार होती. मार्चमध्ये ऊन चढलं, तशी पानं पिवळट पडून माना टाकू लागली, शेंडे वाळले. जो येई तो म्हणे, ‘‘पाणी कमी पडतंय, वाढवा.’’ एका झाडाखालचं आच्छादन सारून माती उकरली, तर माती ओलीच. बारीक मुळं मात्र काळी पडलेली, चिमटीत धरताच तुटणारी. पाणी भरपूर होतं. ते ओढणारी मुळंच उरली नव्हती. अशा झाडाला आणखी पाणी दिलं, तर उरलीसुरली मुळंही जातात.

अव्होकाडोची पाणी शोषणारी मुळं बहुतांशी वरच्या फूट-सव्वा फुटातच पसरतात आणि त्यांना केशमुळं जवळजवळ नसतात. त्यांना ओलावा सतत हवा आणि हवाही सतत हवी. माती दोन-चार दिवस चिबड राहिली की मुळं गुदमरतात. त्यातच ‘फायटोफ्थोरा सिनामोमी’ ही मूळकूज घुसते. सुमात्रात दालचिनीच्या झाडांवर सापडलेल्या या रोगाची नोंद 1922 साली झाली. त्याचे बीजाणू पाण्यात पोहत मुळांपर्यंत जातात, म्हणून वाहतं पाणी तो बागभर पसरवतं.

तेव्हा रोप आणण्याआधी जागा पारखा. भर पावसात दोन फूट खोल खड्डा घ्या आणि उघडीप मिळाली की पाहा. दुसऱ्या दिवशीही त्यात पाणी साचलेलं असेल, तर ती जमीन भातालाच ठेवा. निचरा बरा असेल तरीही रोप खड्ड्यात लावू नका. दोन-अडीच फूट उंच, रुंद वरंब्यावर लावा. खाचराच्या बाजूने आडवा चर काढून पाणी बागेबाहेर वळवा.

पाऊस सरला की ठिबक सुरू करा, पण आधी वाफसा पाहा. चार-सहा इंच खालची माती मुठीत दाबा. गोळा होऊन बोटाने फुटला तर थांबा, गोळाच झाला नाही तर पाणी द्या. हिशेब सोपा आहे: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. दोन मीटर व्यासाच्या झाडाखाली साधारण तीन चौरस मीटर जागा येते. कडक उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर धरले, तर पंधरा लिटर लागतात. ड्रिपर खोडाशी नको, दीड फूट लांब दोन्ही बाजूंना ठेवा.

डाळिंबाचा बहर धरताना ताण देतात, ती सवय इथे आणू नका. मोहोर आणि फळधारणेच्या काळात माती सुकली की फळगळ होते. भाताचा पेंढा चार-पाच इंच जाड अंथरा, खोडाभोवती मात्र वीतभर जागा मोकळी सोडा.

बोअरचं पाणी तपासून घ्या. हे झाड क्षारांना, विशेषतः क्लोराइडला नाजूक आहे; पानांची टोकं करपली तर आधी पाण्याकडे पाहा. पावसाचं पाणी साठवलेलं शेततळं असेल, तर उन्हाळ्यात तेच वापरा.

भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी अशी धरणं आजूबाजूला असल्याने पाण्याची चिंता मिटली असं वाटतं. अव्होकाडोपुरतं तरी पाणी आणण्याइतकंच ते बाहेर काढणंही महत्त्वाचं आहे. लागवडीच्या खर्चात पहिली रक्कम चर आणि वरंब्यासाठी काढून ठेवा, ठिबकचा संच त्यानंतर घ्या.