निकडीचें काम आणि महत्त्वाचें काम



खुरपणीची वेळ झाली हें शेतकऱ्यास कोणी हांक मारून सांगत नाहीं. गाय हंबरते, पाहुणा दारांत उभा राहतो, खिशांतला मोबाईल वाजूं लागतो. तण मात्र मुकाट्यानें वाढतें. आज टाळलेली खुरपणी पुढें दुप्पट मजूर मागते, आणि तरीहि पिकाचें गेलेलें बळ परत येत नाहीं. आपल्या दिवसाची गोष्टहि अशीच आहे.

इ. स. १९५४ च्या ऑगस्ट महिन्यांत अमेरिकेंतील शिकागोजवळच्या इव्हन्स्टन शहरीं जागतिक मंडळ्यांच्या परिषदेची दुसरी महासभा भरली होती. तीत त्या वेळचे अध्यक्ष आयसेनहॉवर ह्यांनीं एका माजी महाविद्यालय-प्रमुखाचा अनुभव सांगितला. त्याचा आशय असा कीं, अडचणी दोन प्रकारच्या असतात, निकडीच्या व महत्त्वाच्या. आणि ह्या दोहोंची गांठ कधींच पडत नाहीं. जें घाई करतें तें मोठें असतेंच असें नाहीं. जें मोठें असतें तें बहुधा घाई करीत नाहीं.

हें मला स्वतःच्या चुकीनें पटलें आहे. मंडळींतील एका वृद्ध बाईंनीं, दुरावलेल्या मुलास पत्र लिहून द्यावें म्हणून, मला निरोप पाठविला. त्या आठवड्यांत वर्गणीचा हिशेब होता. पुढच्या आठवड्यांत छपराचीं कौलें होतीं. दोन्ही कामें खरीं होतीं, परंतु तीं चार दिवस थांबलीं असतीं. बाई थांबल्या नाहींत. मातीस आलेल्या मुलानें मला विचारलें, "आईनें माझ्यासाठीं कांहीं सांगून ठेवलें आहे काय?" माझ्याजवळ सांगण्यासारखें इतकेंच होतें कीं, त्यांनीं बोलाविलें होतें आणि मी गेलों नाहीं.

तर मग काय करावें?

पहिलें: रात्रीं निजण्यापूर्वीं उद्यांचीं कामें कागदावर मांडावीं. प्रत्येकाविषयीं विचारावें, हें उद्यां न केल्यास परवां काय बिघडेल? आणि मुळींच न केल्यास वर्षानें काय बिघडेल? पहिल्या प्रश्नानें निकड कळते, दुसऱ्यानें महत्त्व.

दुसरें: मुलांचा अभ्यास, आजाऱ्याची भेट, बांधाची डागडुजी, हीं न ओरडणारीं कामें होत. त्यांतील एकास रोज ठराविक वेळ नेमून द्यावी; शक्यतों सकाळची, कारण सायंकाळपर्यंत दिवस इतरांच्या हातीं गेलेला असतो.

तिसरें: किरकोळ निकडीस कुंपण घालावें. मोबाईलवरील निरोप दिवसांतून दोन वेळां पाहिले तरी बहुतेकांचें अडत नाहीं.

एक गोष्ट विसरूं नये. घरांतील बाईचा दिवस पाणी, चूल व गुरें ह्यांतच सरतो. तिला वेळ वाचविण्याचा उपदेश करणें सोपें आहे. परंतु तिच्या हातांतील एखादें काम आपण उचलल्यावांचून तिला वेळ मिळणार नाहीं. म्हणून हा कागद घरच्या सर्वांनीं मिळून पाहावा.

विचारासाठीं प्रश्न

१. गेल्या आठवड्यांत आपलें कोणतें काम केवळ न ओरडल्यामुळें राहून गेलें?

२. आपली वाट पाहणारा कोण आहे, आणि त्याच्याकडे जाण्याचा दिवस कोणता ठरविला?

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर आजच लिहून ठेवावें.