घरगुती उद्योग : आधी वही, मग मशिन



'डिग्री झाली की स्वतःचा उद्योग काढायचा' हे वाक्य आपल्या कँटीनमध्ये चहाच्या प्रत्येक कपाबरोबर ऐकायला मिळतं. उद्योग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कुपवाड एमआयडीसीतलं शेड, लेथ आणि सीएनसी मशिन उभं राहतं. मी मात्र आज ज्या उद्योगाबद्दल लिहितोय तो त्याच एमआयडीसीपासून थोड्याच अंतरावर, आमच्या स्वयंपाकघरात चालतो. माझी आई भडंग करून विकते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तर टेबलावर कर्जाचा फॉर्म होता. मसाला मिसळायचा ड्रम आणि पाकिटं भरायचं मशिन, मिळून साठ हजार. मामाचं म्हणणं, "ताई, माल खपतोय तर वाढव की! किती दिवस हातानं करणार?" आईची सही तेवढी बाकी होती. मी नुकताच कॉस्टिंगचा पेपर देऊन आलो होतो. म्हटलं, सही उद्या कर, आज मला हिशोब दाखव. आई म्हणाली, "हिशोब कसला? तोंडपाठ आहे. पाकिटाला सव्वीस रुपये पडतात, दुकानदाराला पंचेचाळीसला देते. एकोणीस सुटतात."

मग आम्ही दोघं वही घेऊन बसलो. पाच किलोच्या एका खेपेत पाव किलोची वीस पाकिटं होतात. त्या खेपेचा खर्च असा निघाला :

चुरमुरे, शेंगदाणे, तेल, लसूण, मिरची, हळद वगैरे – ५२० रु.
गॅस – ३० रु.
पिशव्या व लेबल – ६० रु.
दुकानांना माल पोचवायचं पेट्रोल – ५० रु.
आईचे चार तास, तासाला ६० रु. धरून – २४० रु.
एकूण – ९०० रु.

शेवटच्या ओळीवर आई हसली. "घरच्या माणसाला कसला पगार रे?" मी विचारलं, "तू आजारी पडलीस आणि शेजारच्या काकूंना बोलावलं, तर त्या फुकट करतील का?" मग गप्प झाली.

पुढची गोष्ट तर वहीतही नव्हती. वीसपैकी दोन पाकिटं सादळली म्हणून परत यायची आणि आपल्याच घरात संपायची. म्हणजे पैसे अठराच पाकिटांचे. ९०० भागिले १८, पन्नास रुपये! विकत होतो पंचेचाळीसला. पाकिटामागे पाच रुपये आणि खेपेमागे नव्वद रुपये कमी. हातात रोख दिसत होती ती आईच्याच मजुरीतली. साठाऐवजी ती तासाला साडेसदतीस रुपयांवर राबत होती आणि आम्ही त्याला नफा म्हणत होतो. अशा धंद्याला मशिन लावलं असतं तर काय झालं असतं? माल वाढला असता, तोटाही वाढला असता, वर हप्ता!

त्या रात्री फॉर्म कपाटात गेला. त्यानंतरच्या चार महिन्यांत आम्ही जे शिकलो ते इथे मांडतो. तुमच्या घरी पापड, मसाला, शिवणकाम, काहीही असो, मुद्दे हेच राहतील.

१) आधी गळती थांबवा
भडंग का सादळतं? चुरमुरा हवेतली ओल पटकन ओढतो. आई गरम असतानाच पाकिटं भरायची, त्यामुळे आत वाफ धरायची, आणि पिशवीचं तोंड मेणबत्तीवर चिकटवायची. आता माल पूर्ण गार करून भरतो आणि साधं हातानं दाबायचं सीलिंग मशिन घेतलंय. चाळीस पाकिटांत दोनच परत येतात. साठ हजारांच्या मशिनआधी या छोट्या मशिनची गरज होती.

२) खेप मोठी करा
पाच किलोच्या चार खेपांऐवजी आठवड्यात दहा किलोच्या दोन. सामान दुप्पट लागतं, पण मांडामांड, धुणं-पुसणं आणि दुकानांची फेरी दुप्पट होत नाही. सामान १०४०, गॅस ५०, पिशव्या १२०, पेट्रोल ५० आणि सहा तासांचे ३६०, एकूण १६२० रुपये. ३८ पाकिटं विकली जातात, म्हणजे पाकीट पडतं साधारण ४२ रुपये ६३ पैशांना.

३) भाव घाबरून ठरवू नका
आम्ही पन्नास रुपये केले. नऊपैकी दोन दुकानदारांनी माल बंद केला. आईला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. पण त्यातला एक महिन्याभरात परत आला, कारण गिऱ्हाईक तेच पाकीट मागत होतं. आता मजुरी सोडून खेपेला २८० रुपये शिल्लक राहतात.

४) दर्जा एकच ठेवा
लिज्जत पापडाची सुरुवात सगळ्यांना माहीत असते. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन काम सुरू केलं. पुढचा भाग मात्र कमी सांगितला जातो. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करायच्या, एक चांगला आणि एक स्वस्त. त्यांचे मार्गदर्शक छगनबाप्पा पारेख यांनी सांगितलं की एकच प्रत ठेवा, दर्जा सोडू नका आणि हिशोब चोख लिहा. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून काम बंद पडलं. पुढच्या वर्षी त्यांनी खाटेवर पापड पसरून खाली स्टोव्ह ठेवला. याला म्हणतात इंजिनिअरिंग!

५) गिऱ्हाइकाच्या मनातली शंका ओळखा
आपल्याच जिल्ह्यात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. त्यांचा लोखंडी नांगर चांगला होता, तरी सुरुवातीला शेतकरी तो घ्यायला बिचकत. लोखंडानं जमीन नासते असा समज होता. माल चांगला असणं पुरेसं नाही, तो वापरून पाहायची संधी द्यावी लागते. आम्ही नव्या दुकानात आधी चवीपुरत्या पुड्या ठेवतो.

६) कागद वेळेवर करा
खाण्याचा पदार्थ विकायचा तर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे घरगुती उत्पादकालाही नोंदणी लागते. पाकिटावर वजन, किंमत, तारीख, घटक आणि करणाऱ्याचं नाव-पत्ता हवा. 'उद्यम' नोंदणी १ जुलै २०२० पासून ऑनलाइन आहे आणि तिला सरकारी फी नाही, तेव्हा 'करून देतो, पैसे द्या' म्हणणाऱ्यापासून सावध! आणि घरखर्चाचं व धंद्याचं खातं वेगळं ठेवा. आईचा डबा एकच होता, त्यातूनच दूधवाला आणि त्यातूनच तेलवाला. मग कळणार कसं?

मग मशिन कधी? तेही वहीलाच विचारलं. साठ हजार, तीन वर्षं, वर्षाला बारा टक्के व्याज धरलं तर हप्ता सुमारे २००० रुपये. महिन्याला आठ खेपा म्हणजे शिल्लक २२४०. हप्ता जाऊन उरतात २४०. एका दुकानानं पैसे थकवले की संपलं! बारा खेपा खपल्या तर शिल्लक ३३६०, तेव्हा हप्ता झेपेल. म्हणून आमचा नियम असा, की सलग तीन महिने बारा खेपा गेल्या तरच फॉर्म कपाटातून बाहेर काढायचा. सध्या आम्ही दहावर आहोत. मामाही आता फोनवर आधी विचारतो, "ताई, खेपा किती झाल्या?"

मित्रांनो, अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आपण लहानपणापासून ऐकतो, पण अंथरूण किती लांब आहे ते मोजायला टेप लागते. ती टेप आपल्याला इथे वर्गात फुकट मिळते आणि आपण ती परीक्षेनंतर विसरून जातो. या सुट्टीत घरी जाल तेव्हा आई, काकू, आत्या जे काही करून विकत असतील त्याचा एका खेपेचा खर्च त्यांच्याजवळ बसून लिहून काढा. आणि त्यांच्या तासांची ओळ लिहायला विसरू नका.

आमच्या वहीत ती ओळ आता आई स्वतः लिहिते. परवा फोनवर सांगत होती, "या महिन्यापासून मी तासाला सत्तर धरणार आहे!"